अल्सरवर वनस्पतींचे अर्क : जठराचे संरक्षण कितपत होते?

पोटात जळजळ सुरू झाली की बहुतेक मराठी घरांत डॉक्टरांच्या आधी घरातले डबे उघडले जातात. कुणी ज्येष्ठमधाची काडी चघळते, कुणी दुधातून शतावरी कल्प घेते, कुणी आवळ्याचे चूर्ण, तर कुणी कोरफडीचा रस. अशा उपायांवर गेली सत्तर-ऐंशी वर्षे प्रयोगशाळेत संशोधन होत आले आहे आणि काही उपायांच्या रुग्णांवरही चाचण्या झाल्या आहेत. ज्येष्ठमधापासून तर एक औषध तयार झाले आणि युरोपातले डॉक्टर ते अल्सरच्या रुग्णांना लिहून देत होते. या वनस्पती जठराचे रक्षण कसे करतात, ते कितपत सिद्ध झाले आहे आणि घरगुती उपायावर कुठे थांबू नये, याची माहिती या लेखात घेऊ.

थोडक्यात उत्तर

- काही वनस्पतींमधील घटक जठराचे अस्तर बळकट करतात. हे प्राण्यांवरील प्रयोगांत वारंवार दिसले आहे, माणसांवरील चाचण्यांत मात्र मोजक्याच वेळा.
- बहुतेक अल्सर एका जिवाणूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळे होतात. मूळ कारण तसेच ठेवून अस्तर कितीही सांभाळले, तरी अल्सर पुन्हा होऊ शकतो.
- ‘नैसर्गिक’ अर्कांनाही दुष्परिणाम असतात. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढू शकतो आणि शरीरातील पोटॅशियम कमी होऊ शकते.
- काळी डांबरासारखी शौच किंवा रक्ताची उलटी झाली, तर घरगुती उपाय करत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे.

जठर स्वतःला कसे सांभाळते?

जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि रिकाम्या पोटी त्याचा पीएच साधारण १.५ ते ३.५ असतो. सोबत प्रथिने पचवणारे पेप्सिन असते. मांस पचवणारे हे मिश्रण जठराची स्वतःची भिंत पचवून टाकत नाही, कारण जठराकडे संरक्षणाची पक्की व्यवस्था आहे.

अस्तरावर चिकट श्लेष्माचा थर असतो. त्या थरात पेशी बायकार्बोनेट सोडतात. त्यामुळे जठराच्या पोकळीत तीव्र आम्ल असले, तरी पेशींच्या अगदी लगत ते जवळपास उदासीन झालेले असते. अस्तराच्या पृष्ठभागावरील पेशी काही दिवसांतच बदलल्या जातात, म्हणून किरकोळ इजा लवकर भरून येते. भरपूर रक्तपुरवठा आत शिरलेले आम्ल वाहून नेतो. या सगळ्या कामांना चालना देणारी रसायने म्हणजे प्रोस्टाग्लँडिन. ती शरीरच तयार करते.

हल्ला आणि संरक्षण यांचा तोल बिघडला की अस्तराला खोल जखम होते. तिला अल्सर किंवा पेप्टिक व्रण म्हणतात. अशी जखम जठरात होते, तशीच लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातही, म्हणजे आद्यांत्रातही होते.

अल्सरची खरी कारणे

तिखट खाणे आणि चिंता यांमुळेच अल्सर होतो, असा समज अनेक दशके होता. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी रुग्णांच्या जठरातील एक नागमोडी जिवाणू प्रयोगशाळेत वाढवण्यात यश मिळवले. आम्लात जिवाणू तग धरू शकतो, यावर तेव्हा फारसे कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हते. १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जिवाणूंचे द्रावण स्वतः प्यायले आणि त्यांना जठराचा दाह झाला. या जिवाणूला पुढे हेलिकोबॅक्टर पायलोरी (एच. पायलोरी) हे नाव मिळाले. या शोधासाठी दोघांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच हा जिवाणू कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकला आहे. भारतात त्याचा संसर्ग फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. मात्र संसर्ग झालेल्या प्रत्येकाला अल्सर होत नाही.

दुसरे मोठे कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्या : अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन. या गोळ्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत. वेदना त्यामुळेच कमी होतात, पण जठराचे कवचही त्यामुळेच पातळ होते. हा परिणाम रक्तामार्फतही होत असल्याने ‘गोळी जेवणानंतर घेतली म्हणजे धोका नाही’ हा समज चुकीचा आहे. गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षे दुकानातून परस्पर गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांना हा धोका सर्वाधिक असतो. धूम्रपानामुळे व्रण भरायला वेळ लागतो.

आता प्रश्न असा की यात वनस्पतींचा अर्क नेमका कुठे बसतो? तो जठराची संरक्षक बाजू बळकट करतो, असा बहुतेक अर्कांबाबतचा दावा आहे. हा दावा सर्वांत कसून तपासला गेला तो ज्येष्ठमधाच्या बाबतीत.

ज्येष्ठमध : काडीपासून औषधापर्यंत

ज्येष्ठमध किंवा यष्टिमधु म्हणजे ग्लिसिऱ्हायझा ग्लॅब्रा या वनस्पतीचे मूळ. घसा बसला की आपण ते चघळतो. आयुर्वेदात ते पित्तशामक आणि व्रण भरून आणणारे मानले जाते. त्याच्या गोडीचे मुख्य कारण ग्लिसिऱ्हायझिन हा घटक आहे.

१९४६ साली रेव्हर्स या डच डॉक्टरांनी ज्येष्ठमधाच्या अर्काने अल्सरच्या रुग्णांना आराम पडतो, असे प्रसिद्ध केले. त्याच वेळी त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली होती : काही रुग्णांच्या अंगावर सूज येत होती.

पुढे ब्रिटनमध्ये ग्लिसिऱ्हायझिनपासून कार्बेनॉक्सोलोन नावाचे औषध तयार करण्यात आले. धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे रिचर्ड डॉल यांनी सहकाऱ्यांसह या औषधाची चाचणी घेतली आणि १९६२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जठरातील अल्सर या औषधाने लवकर भरत होते. आम्ल कमी करण्यापेक्षा अस्तर सांभाळणे हे त्याचे मुख्य काम होते. त्याने श्लेष्मा वाढत होता, अस्तरातील पेशी जास्त काळ टिकत होत्या आणि प्रोस्टाग्लँडिनचे विघटन मंदावत होते.

पण रेव्हर्स यांना दिसलेली सूज इथेही आली. मूत्रपिंडात कॉर्टिसॉल या संप्रेरकाला निष्प्रभ करणारे एक विकर असते. ज्येष्ठमधातील घटक त्या विकराला अडवतो. मग कॉर्टिसॉल मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी साठवून ठेवण्याचा चुकीचा संदेश देत राहते. परिणामी सूज येते, रक्तदाब वाढतो आणि लघवीवाटे पोटॅशियम निघून जाते. पोटॅशियम फार घटले तर स्नायू दुर्बल होतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात.

यावर उपाय म्हणून सोबत स्पायरोनोलॅक्टोन हे सूज उतरवणारे औषध देऊन पाहिले गेले. सूज आटोक्यात आली, पण अल्सर भरण्याचा गुणही गेला, असे डॉल आणि सहकाऱ्यांच्या १९६८ च्या अभ्यासात दिसले. म्हणजे या औषधाचा फायदा आणि तोटा सहज वेगळे करता येत नव्हते.

दुसरा प्रयत्न असा झाला की ज्येष्ठमधातून ग्लिसिऱ्हायझिनच काढून टाकायचे आणि उरलेला अर्क द्यायचा. असा अर्क आजही ‘डीजीएल’ या नावाने गोळ्यांच्या रूपात विकला जातो. तो अधिक सुरक्षित आहे हे खरे. पण सुरुवातीच्या काही आशादायक निकालांनंतर १९७० च्या दशकात झालेल्या नियंत्रित चाचण्यांत जठराचा अल्सर भरून आणण्यात तो औषध नसलेल्या, दिसायला तशाच गोळीपेक्षा (प्लासिबोपेक्षा) सरस ठरला नाही.

१९७६ मध्ये ब्रिटनमध्ये आम्लनिर्मिती कमी करणारे सिमेटिडीन आले, १९८० च्या दशकाच्या अखेरीस ओमेप्राझोल आले आणि कार्बेनॉक्सोलोन मागे पडले. ज्येष्ठमधाच्या अर्काची २०१३ मध्ये भारतात एच. पायलोरीवर एक चाचणी प्रसिद्ध झाली. दोन महिन्यांनंतर साधारण निम्म्या रुग्णांत जिवाणू आढळला नाही. निकाल दखल घेण्याजोगा आहे, पण प्रतिजैविकांच्या उपचारांकडून साधारण ९० टक्के यशाची अपेक्षा ठेवली जाते. त्यामुळे त्यांच्याऐवजी हा अर्क वापरता येत नाही.

कच्चे केळे आणि शतावरी : वाराणसीतील काम

भारतातील या विषयावरचे बरेच पायाभूत संशोधन बनारस हिंदू विद्यापीठात झाले. तेथे १९६० च्या दशकात केळ्याचा उंदरांच्या जठरावरील परिणाम तपासला गेला. भाजीच्या कच्च्या केळ्याची पूड दिलेल्या उंदरांना अल्सर कमी होतात आणि अस्तर जाड होते, असे नंतरच्या प्रयोगांत दिसले. १९८४ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी’ या नियतकालिकात याला दुजोरा देणारे निष्कर्ष मांडले. पुढे कच्च्या केळ्यातील ल्युकोसायनिडिन हा घटक यामागे असल्याचे दाखवण्यात आले. गुण कच्च्या केळ्यात दिसला आहे. ‘पित्तावर पिकलेले केळे’ या नेहमीच्या सल्ल्याला या प्रयोगांचा आधार देता येत नाही.

शतावरीच्या मुळांवरही याच विद्यापीठात काम झाले. उंदरांमध्ये तिने श्लेष्मा वाढवला आणि पेशींची झीज कमी केली. आम्लावर तिचा परिणाम त्या मानाने थोडा होता. आयुर्वेदात अम्लपित्त आणि परिणामशूल (अन्न पचताना उठणारे पोटदुखणे) यांवर शतावरी दिली जाते. तिच्या वापरामागचा तर्क या प्रयोगांशी जुळतो. मात्र अल्सरच्या रुग्णांवरील मोठ्या, नियंत्रित चाचण्यांचा आधार तिला नाही. बाजारातील शतावरी कल्पात साखर भरपूर असते, हे मधुमेहींनी लक्षात ठेवावे.

कोबी, ब्रोकोली, मॅस्टिक आणि हळद

कोबीचा रस : कॅलिफोर्नियातील डॉ. गार्नेट चेनी यांनी १९४९ मध्ये १३ रुग्णांना ताज्या कोबीचा रस देऊन अल्सर लवकर भरल्याचे नोंदवले. त्यातील घटकाला त्यांनी ‘व्हिटॅमिन यू’ म्हटले. ते खरे जीवनसत्त्व नाही. आज समाजमाध्यमांवर कोबीच्या रसाचे जे दावे फिरतात, त्यांचे मूळ बहुधा या जुन्या आणि फार छोट्या अभ्यासात असते.

ब्रोकोलीचे कोंब : जपानमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एच. पायलोरी असलेल्या लोकांनी आठ आठवडे रोज ७० ग्रॅम कोंब खाल्ले. जिवाणूंचे प्रमाण घटले. खाणे थांबवल्यावर ते पुन्हा पूर्ववत झाले.

मॅस्टिक : ग्रीसच्या खिऑस बेटावरील झाडाचा हा सुगंधी डिंक. तो परीक्षानळीत एच. पायलोरी मारतो, असे १९९८ मध्ये जाहीर झाले आणि खूप गाजावाजा झाला. २००३ मध्ये रुग्णांवर केलेल्या एका छोट्या अभ्यासात जिवाणूंवर काहीच परिणाम दिसला नाही. परीक्षानळीत घटक थेट जिवाणूला भिडतो. जठरात तो पातळ होतो, पुढे सरकतो, आणि जिवाणू तर श्लेष्माच्या थराखाली लपलेला असतो.

हळद : थायलंडमधील २०२३ च्या चाचणीत रोज २ ग्रॅम कर्क्युमिन घेणाऱ्यांना ओमेप्राझोल घेणाऱ्यांइतकाच आराम मिळाला. ही बातमी वाचताना एक तपशील सुटतो. हे रुग्ण अल्सरचे नव्हते. त्यांना ‘कार्यात्मक अपचन’ होते, म्हणजे तपासणीत जखम न सापडता होणारा पोटाचा त्रास. जळजळ थांबली म्हणजे जखम भरली, असे या चाचणीतून म्हणता येत नाही.

वनस्पतीचा अर्क रीतसर औषध होऊ शकतो, याचेही उदाहरण आहे. आपल्याकडील दवणा ज्या प्रजातीत येतो, त्या आर्टेमिसिया प्रजातीतील एका वनस्पतीचा प्रमाणित अर्क दक्षिण कोरियात २००२ पासून जठरदाहावरील औषध म्हणून वापरात आहे. तेथे अर्कातील घटकांचे प्रमाण ठरवून दिलेले असते आणि त्याच्या रुग्णांवर चाचण्या झाल्या आहेत. घरच्या चूर्णात या दोन्ही गोष्टी नसतात.

उंदरांचा अल्सर आणि माणसाचा अल्सर

‘अमुक अर्काने अल्सर ८० टक्के कमी झाले’ अशा बातम्या बहुधा उंदरांवरील प्रयोगांच्या असतात. या प्रयोगांत उंदराला आधी अर्क देतात. मग शुद्ध अल्कोहोल पाजून, इंडोमेथॅसिनसारखे वेदनाशामक देऊन किंवा थंडीत जखडून ठेवून काही तासांत जठरात जखमा घडवतात आणि त्या मोजतात. अशा निष्कर्षांकडे पाहताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, माणसाचा अल्सर अनेकदा महिनोन्‌महिने चाललेल्या जिवाणूसंसर्गातून होतो. काही तासांत झालेली अल्कोहोलची इजा हे त्याचे चित्र नव्हे.

दुसरी, सौम्य इजेनेही संरक्षण मिळते. अमेरिकेतील आंद्रे रॉबर्ट यांनी १९८३ मध्ये दाखवले की उंदराला आधी पातळ अल्कोहोल, मिठाचे पाणी किंवा गरम पाणी दिले, तरी नंतरच्या शुद्ध अल्कोहोलने होणारी इजा टळते. किरकोळ चुरचुरीने जठर सावध होते आणि प्रोस्टाग्लँडिन वाढवते. म्हणजे एखाद्या अर्काने उंदराचे जठर वाचवले, तर तो औषधी असेलच असे नाही. कदाचित तो फक्त जठराला थोडा झोंबत असेल.

तिसरी, मात्रा. उंदराला अनेकदा दर किलो वजनाला २०० मिलिग्रॅम अर्क देतात. शास्त्रीय रूपांतराने ६० किलोच्या माणसाला ते सुमारे २ ग्रॅम अर्काइतके होते. समजा १० ग्रॅम वाळलेल्या वनस्पतीतून १ ग्रॅम अर्क निघतो, तर रोज २० ग्रॅम वनस्पती लागेल. शिवाय प्रयोगातील अर्क बऱ्याचदा अल्कोहोलमध्ये काढलेला असतो. पाण्यातल्या काढ्यात तेच घटक तेवढ्याच प्रमाणात उतरत नाहीत.

कवच सांभाळले तरी पुन्हा अल्सर का होतो?

एच. पायलोरीचा उपचार रुळण्यापूर्वीचा अनुभव येथे मोलाचा आहे. सिमेटिडीनसारख्या प्रभावी औषधाने अल्सर भरत असत, पण औषध बंद केल्यावर वर्षभरात निम्म्याहून अधिक रुग्णांना ते पुन्हा होत. जिवाणू घालवल्यावर मात्र पुन्हा अल्सर होण्याचे प्रमाण अगदी थोडे राहते. एवढ्या प्रभावी औषधाला जे जमले नाही, ते केवळ अस्तर सांभाळणाऱ्या अर्काला जमेल, अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही.

म्हणून आधी कारण शोधावे. एच. पायलोरीची तपासणी श्वासाच्या चाचणीने, शौचाच्या नमुन्यावरून किंवा एंडोस्कोपीत घेतलेल्या तुकड्यावरून होते. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर निकाल खोटा ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. म्हणून त्या साधारण दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे आधी बंद असावी लागतात. हे डॉक्टरांना विचारूनच करावे. उपचार सहसा १४ दिवसांचा असतो. त्यात आम्लरोधक आणि प्रतिजैविके एकत्र देतात. बरे वाटले म्हणून तो अर्ध्यावर सोडल्यास जिवाणू औषधांना दाद देईनासा होण्याची शक्यता वाढते. उपचारानंतर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून जिवाणू गेल्याची खात्री करतात.

अल्सर वेदनाशामक गोळ्यांमुळे झाला असेल, तर गोळी बंद करणे, बदलणे किंवा सोबत संरक्षक औषध घेणे हे पर्याय असतात. हृदयविकारासाठी सुरू असलेली अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

अर्क घेणार असाल तर

- ज्येष्ठमध : उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी टाळावे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्यांना धोका अधिक असतो. युरोपीय तज्ज्ञ समितीने रोज १०० मिलिग्रॅम ग्लिसिऱ्हायझिन ही नियमित सेवनाची वरची मर्यादा सुचवली आहे. घसा बसल्यावर एखादी काडी चघळणे वेगळे आणि महिनोन्‌महिने चमचा-चमचा चूर्ण घेणे वेगळे.
- कोरफड : पानाच्या सालीलगतचा पिवळा चीक तीव्र रेचक असतो. तो पोटात जाऊ देऊ नये.
- हळद : जेवणातील हळद चालते. कर्क्युमिनच्या जास्त मात्रेच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आधी विचारावे.
- दूध : दुधाने जळजळ तात्पुरती शमते, पण नंतर आम्लनिर्मिती वाढते. दूध हा अल्सरवरचा उपचार नाही.
- लेबल नसलेली पुडी : सांधेदुखीवर ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक औषध मिसळलेले आढळले आहे. अशी पुडी स्वतःच अल्सरचे कारण ठरू शकते.

वैद्य असोत वा डॉक्टर, दोघांनाही आपण घेत असलेल्या सर्व गोळ्या, चूर्णे आणि काढे सांगावेत.

कधी थांबू नये?

पुढीलपैकी काहीही दिसल्यास तातडीने रुग्णालयात जावे :

- डांबरासारखी काळी, चिकट, दुर्गंधीयुक्त शौच (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण शंका असल्यास तपासून घ्यावे)
- रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी
- अचानक असह्य पोटदुखी आणि पोट लाकडासारखे कडक होणे
- चक्कर, घाम, छातीत धडधड

पुढील लक्षणांत काही दिवसांतच डॉक्टरांना भेटावे : कारण नसताना वजन घटणे, अन्न गिळताना अडकणे, सतत उलट्या, रक्त कमी झाल्याचे अहवालात दिसणे, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला पोटाचा त्रास. जठराच्या कर्करोगाची सुरुवातही ‘पित्ता’सारखीच भासू शकते. चूर्णाने किंवा आम्लरोधक गोळीने त्रास दबला, की निदान लांबते. अनेक आठवडे ‘बघू अजून थोडे दिवस’ म्हणण्यात गेलेला वेळ नंतर भरून काढता येत नाही.

ज्येष्ठमध, शतावरी, कच्चे केळे यांच्यात गुण आहेत आणि त्यांवरचे संशोधन पुढे जायलाच हवे. तोपर्यंत सौम्य जळजळीसाठी त्यांचा मर्यादित वापर समजण्यासारखा आहे. दोन-तीन आठवड्यांत त्रास गेला नाही किंवा पुन्हा पुन्हा होऊ लागला, तर चूर्ण बदलण्यापेक्षा तपासणी करून घ्यावी.